मायामी सर्पेंटेरियम: तिकीट खिडकी आणि विषाची कुपी

प्रश्न असा आहे: अमेरिकेत हायवेच्या कडेला साप-मगरी दाखवून पैसे मिळवणारी ठिकाणं असायची. त्यातलं मायामी सर्पेंटेरियम हे नेमकं काय होतं? तिथे खरंच विज्ञान चालायचं, की गारुड्याचाच खेळ पक्क्या इमारतीत मांडला होता? आणि ते बंद का पडलं?

मी तीसेक वर्षं सापांमध्ये काढली. बरीचशी लोकांना साप दाखवण्यात गेली आणि अकरा वर्षं विष काढायच्या टेबलापाशी. त्यामुळे एवढंच सांगून टाकतो की तिथे दोन्ही चालायचं, आणि दोन्ही एकाच टेबलावर चालायचं. लोक 'एक तर खेळ नाही तर विज्ञान' असं विचारतात तेव्हा मला या धंद्याचा हिशोब समजावून सांगावासा वाटतो. त्यासाठी आधी तो रस्ता डोळ्यांसमोर आणावा लागेल.

फ्लोरिडात ही रीत फार जुनी. सेंट ऑगस्टीनचं अ‍ॅलिगेटर फार्म १८९३ सालचं. पुढे मोटारी आल्या, रस्ते झाले आणि उत्तरेकडची माणसं हिवाळ्यात गाडी घेऊन उबेला येऊ लागली. दिवसचे दिवस गाडीत, मागच्या सीटवर कंटाळलेली पोरं. अशा गाडीला रस्त्यावर थांबवेल असं काही तरी उभं केलं की चार पैसे मिळायचे. रॉस अ‍ॅलन यांनी १९२९ मध्ये सिल्व्हर स्प्रिंग्जला सरपटणाऱ्या प्राण्यांची संस्था काढली. मायामीच्या आसपास १९३० च्या दशकात मंकी जंगल आणि पॅरट जंगल उभं राहिलं. सिल्व्हर स्प्रिंग्जलाच १९३८ च्या सुमाराला बोटीची फेरी चालवणाऱ्या टूई नावाच्या माणसाने नदीतल्या बेटावर रीसस माकडं सोडली. पाण्याने वेढलेलं बेट म्हणजे आपोआप पिंजरा, असा त्याचा समज. माकडं पोहून पलीकडे गेली आणि त्यांचे वंशज आजही त्या रानात आहेत. प्राणी आणणाऱ्याने त्या प्राण्याची किती माहिती करून घेतली होती, हे अशा गोष्टीतून कळतं. मायामी सर्पेंटेरियम उभं करणारा बिल हास्ट वेगळा ठरतो तो इथेच.

हास्ट १९१० सालचा, न्यू जर्सीतल्या पॅटरसनचा. बाराव्या वर्षी स्काउटच्या शिबिरात त्याला रॅटलस्नेक चावला. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे त्याने जखमेवर फुलीसारखी चीर देऊन पोटॅशियम परमँगनेट लावलं. (आज हे कुणीही करू नये. चीर देऊ नये, आवळून बांधू नये, चोखू नये. सरळ दवाखाना गाठावा.) सोळाव्या वर्षी शाळा सुटली. विशीच्या आत तो रस्त्यावर साप दाखवणाऱ्या एका फिरत्या मंडळींबरोबर फ्लोरिडाला पोचला. मंदी आली, खेळ मोडला, तरी फ्लोरिडा त्याच्या डोक्यातून गेलं नाही. मग विमानांच्या दुरुस्तीचं शिक्षण घेऊन तो पॅन अ‍ॅम या विमान कंपनीच्या नोकरीत लागला. दुसऱ्या महायुद्धात फ्लाइट इंजिनियर म्हणून दक्षिण अमेरिका, आफ्रिका, हिंदुस्थान अशा फेऱ्या झाल्या, आणि परतताना हत्यारांच्या पेटीतून साप येऊ लागले. त्याचा पहिला नाग असाच आला.

१९४६ मध्ये त्याने घर विकलं आणि मायामीच्या दक्षिणेला, यूएस १ या हायवेला लागून जमीन घेतली. पहिल्या बायकोला हा नाद मान्य नव्हता, संसार मोडला. मुलगा त्याच्याकडे राहिला. दुसरी बायको क्लॅरिटा, हा मुलगा आणि तो स्वतः, एवढ्या तिघांनी पहिली पाच वर्षं सगळं ओढलं. १९४७ च्या अखेरीला दार उघडलं तेव्हा बांधकाम अर्धवटच होतं. पुढे रस्त्यावरून येणाऱ्याला लांबूनच दिसेल असा ३५ फुटी सिमेंटचा नाग फणा काढून उभा राहिला. आपल्याकडे ढाब्यासमोर गाड्या थांबाव्यात म्हणून जे काही उभं करतात, त्याच जातीची ही युक्ती.

आता टेबलाकडे येतो, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे.

हास्ट पांढरे कपडे घालून लोकांसमोर यायचा. पिंजऱ्यातून साप काढायचा, टेबलावर सोडायचा आणि नुसत्या हाताने त्याची मान पकडायचा. काचेच्या कुपीच्या तोंडावर रबराचा ताणलेला पडदा असतो, त्यावर सापाचं तोंड टेकवायचं. मी हे काम हजारो वेळा केलंय, म्हणून सांगतो. विषदंत पडद्यातून आत गेला की बारीक 'टक्' असा आवाज येतो. खोली शांत असेल तरच ऐकू येतो, पण बोटांना तो नेहमीच कळतो. मग काचेच्या आतल्या बाजूने थेंब उतरतो. घोणशीचा आणि नागाचा पिवळसर, मण्यारीचा जवळजवळ पाण्यासारखा. नाग आणि घोणस भरपूर देतात. मण्यार आणि फुरसं मात्र इतकं थोडं देतात की बरेच साप हाताळल्याशिवाय कुपीचा तळ झाकत नाही. ते लगेच गार करून वाळवावं लागतं, नाही तर उपयोगाचं राहत नाही. वाळलेलं विष दिसतं बारीक खडीसाखरेच्या चुऱ्यासारखं.

आणि खरा धोका पकडताना नसतो, सोडताना असतो. मान पकडेपर्यंत माणूस सावध असतो. काम झालं, आता ठेवायचंय, म्हणून मन अर्ध्या क्षणासाठी पुढच्या सापाकडे जातं, आणि बोटं सुटताना साप वळतो. माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं वरचं पेर अजून नीट वाकत नाही, ते अशाच एका संध्याकाळच्या शेवटच्या सापामुळे.

हास्ट दिवसाला ७० ते १०० साप असे हाताळायचा, साठेक जातींचे. १९६५ पर्यंत त्याच्याकडे पाचशेहून जास्त साप होते आणि वर्षाला सुमारे ५० हजार माणसं तिकीट काढून बघायला यायची. आता हिशोब करा. पाचशे साप म्हणजे त्यांचं खाणं, पिंजरे, नोकर, औषधं, वीज. विषाला गिऱ्हाईक म्हणजे मोजक्या प्रयोगशाळा, त्यांची मागणी कधी आहे, कधी नाही. हे सगळं तिकिटावर चालायचं. लोकांनी थरार बघायला पैसे दिले नसते, तर संशोधकाला विष मिळालं नसतं. मायामी विद्यापीठातल्या पोलिओच्या संशोधनाला तो १९४९ पासून नागाचं विष पुरवत होता. सुरुवातीचे निकाल आशादायक वाटत होते. १९५५ मध्ये साल्कची लस आली आणि त्या वाटेची गरजच उरली नाही. याला कुणी फसलेलं विज्ञान म्हणेल, मी म्हणणार नाही. शंभर वाटा शोधल्या जातात तेव्हा एक लागते.

त्याच्या नावाशी जोडलेली सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट म्हणजे स्वतःला विष टोचून घेणं. १९४८ पासून तो नागाचं अतिशय पातळ केलेलं विष थोडं थोडं टोचत गेला आणि मात्रा वाढवत गेला. लोकांना हे अघोरी वाटतं. पण आपल्या दवाखान्यात जी सर्पदंशावरची लस देतात, ती याच तत्त्वावर बनते. घोड्याला सापाच्या विषाच्या वाढत्या मात्रा देतात, त्याच्या रक्तात विषाला धरून ठेवणारी द्रव्यं तयार होतात, ती वेगळी काढून कुपीत भरतात. हास्ट घोड्याच्या जागी स्वतः उभा राहिला. त्याचं रक्त पुढे २१ सर्पदंशाच्या रुग्णांना दिलं गेलं. व्हेनेझुएलात एका मुलासाठी तो जंगलात विमानाने गेला, त्याबद्दल त्या देशाने त्याला मानद नागरिकत्व दिलं.

१९५४ मध्ये त्याला मण्यार चावली, आणि या प्रसंगावर मी नव्या मुलांना नेहमी अर्धा तास बोलतो. चावल्यावर त्याला वाटलं, आपण इतकी वर्षं विष टोचून घेतोय, काही होणार नाही. तो कामाला लागला. मण्यारीच्या बाबतीत असंच वाटतं. दंश दुखत नाही, सूज नसते, कधी कधी दाताची खूणही सापडत नाही. नागाच्या विषातली मुख्य द्रव्यं मज्जातंतूचा निरोप स्नायूकडे पोचतो त्या ठिकाणी स्नायूच्या बाजूला अडून बसतात, त्यांना लस बऱ्यापैकी सोडवू शकते. मण्यारीचं विष तंतूच्या टोकालाच आतून मोडतं. एकदा मोडल्यावर लस ते जोडू शकत नाही, शरीरालाच नवं टोक तयार करावं लागतं आणि तोवर श्वास यंत्रावर चालवावा लागतो. नागाच्या विषाची सवय म्हणजे मण्यारीपासून संरक्षण नव्हे. काही तासांनी हास्टला ते कळलं. त्याला रुग्णालयात नेलं, आणि लस मागवली गेली ती हिंदुस्थानातून. तिला पोचायला दोन दिवस लागले. तो वाचला.

त्या काळात आपल्याकडे ही लस बनायची ती कसौलीला आणि मुंबईत परळच्या हाफकिनमध्ये. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध साप पकडणाऱ्या माणसाला वाचवायला आपल्या घोड्यांच्या रक्तातली लस अर्धं जग ओलांडून गेली, याचा मला आजही अभिमान वाटतो. आपल्या खेड्यांत तीच कुपी तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत वेळेत पोचत नाही याचं दुःखही तितकंच आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि त्यातली बहुतेक शेतात राबणारी.

हास्टला आयुष्यात १७० हून जास्त वेळा विषारी साप चावले आणि तो शंभर वर्षं जगला. २०११ मध्ये गेला. यावरून 'विष टोचून घेतल्यामुळे दीर्घायुष्य' असा निष्कर्ष काढणारे मला दर महिन्याला भेटतात. एका माणसावरून असं ठरत नसतं. स्वतःवर हे करायला गेलेली माणसं बोटं, मूत्रपिंडं आणि जीव गमावून बसतात. तरीही ती वाट अगदी वाया गेली नाही. विस्कॉन्सिनमधल्या एका माणसाने बरीच वर्षं असंच विष टोचून घेतलं होतं. त्याच्या रक्तातल्या प्रतिपिंडांवरून, म्हणजे विषाला धरून ठेवणाऱ्या त्याच द्रव्यांवरून, तयार केलेलं मिश्रण नाग-मण्यारीच्या कुळातल्या १९ जातींच्या विषाविरुद्ध उंदरांमध्ये उपयोगी पडल्याचं २०२५ मध्ये प्रसिद्ध झालं. घोड्याशिवाय लस बनेल का, याचं उत्तर कदाचित तिथून मिळेल.

आता १९७७ कडे. हे लिहायला जड जातं.

सर्पेंटेरियममध्ये सापांबरोबर मगरीही होत्या. त्यात एक नाईल मगर, बाराएक फूट लांब, खड्ड्यासारख्या हौदात ठेवलेली. हौदाला कमरेएवढी भिंत. सप्टेंबर १९७७ मध्ये सहा वर्षांचा एक मुलगा त्या भिंतीवरून आत पडला आणि मगरीने त्याला धरलं. हास्टने आत उडी घेतली, मगरीवर हाताने प्रहार केले, पण मुलगा वाचला नाही. दुसऱ्या दिवशी हास्टने ती मगर स्वतः गोळ्या घालून मारली.

मगरीला मारण्याने काय साधलं, यावर लोक वाद घालतात. मला त्या भिंतीबद्दल बोलायचंय. पन्नासच्या दशकातल्या या सगळ्या ठिकाणांची रचना एकाच कल्पनेवर होती: प्राणी खाली, माणसं वर, मध्ये ओणवून बघता येईल असा कठडा. ओणवून बघता येतं म्हणून थरार, आणि थरार म्हणून तिकीट. ज्या कठड्यावर कोपरं टेकवता येतात त्यावर बाप पोराला बसवतोच. मी एका उद्यानात काम करत असताना आमच्या घोणशीच्या खड्ड्याच्या कठड्यावर एका गृहस्थांनी तीन वर्षांच्या मुलीला फोटोसाठी उभी केली होती. मी मागून जाऊन तिला उचलून घेतलं. ते माझ्यावर चिडले, "अहो, मी धरलं होतं ना तिला." धरलं होतं, खरंच धरलं होतं, एका हाताने, दुसऱ्या हातात कॅमेरा होता. त्या रात्री मी व्यवस्थापनाला पत्र लिहिलं की कठडा काढून काच लावा. पैसे नाहीत असं उत्तर आलं. मी पुन्हा लिहिलं. चौथ्या पत्रानंतर काच लागली, आणि पहिल्या महिन्यात गर्दी थोडी कमी झाली हेही खरं. काचेमागचा साप टीव्हीतल्यासारखा वाटतो, असं एक आजी मला म्हणाल्या. म्हटलं, आजी, तसाच वाटू दे.

कायद्याचीही इथे मदत नव्हती. अमेरिकेतला प्राणी कल्याणाचा केंद्रीय कायदा १९६६ चा. पुढे तो प्रदर्शनं भरवणाऱ्यांनाही लागू झाला, पण फक्त उष्ण रक्ताच्या प्राण्यांसाठी. वाघ, अस्वल, माकड त्यात येतात. साप, मगर, घोरपड त्यात येतच नाहीत. रस्त्याच्या कडेला सापांची दुकानं इतकी वर्षं कशी चालली, याचं एक कारण हेही.

बंद पडण्याचं कारण म्हणून एकट्या त्या अपघाताकडे बोट दाखवलं जातं. तो घाव मोठा होता, पण एकच नव्हता. रस्ताच बदलला होता. नवे रुंद महामार्ग आले, गाड्या जुन्या हायवेने रमत-गमत जाईनाशा झाल्या. १९७१ मध्ये ऑर्लँडोजवळ डिस्ने वर्ल्ड उघडलं आणि कुटुंबाची सहल तिकडे वळली. दुसरीकडे हास्टने मायामीतल्या एका डॉक्टरांसोबत सापाच्या विषापासून बनवलेलं एक औषध मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराच्या रुग्णांना द्यायला सुरुवात केली होती. खूप माणसं लांबून येऊ लागली, टीव्हीवर बातम्या झाल्या. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९८० मध्ये ते थांबवलं, कारण रीतसर चाचण्याच झालेल्या नव्हत्या. हास्टची सगळी निष्ठा मान्य करूनही इथे मी प्रशासनाच्या बाजूने आहे. टेबलावर जे हजार लोकांना दिसतं ते औषधाच्या बाबतीत पुरावा होत नाही. १९८४ मध्ये सर्पेंटेरियम कायमचं बंद झालं. हास्ट यूटाला गेला, १९९० मध्ये फ्लोरिडाला पंटा गोर्डा इथे परतला आणि उरलेली वर्षं प्रेक्षकांशिवाय फक्त विष काढत राहिला. २००३ मध्ये मलायन पिट व्हायपर चावून त्याचं एक बोट गेलं, तेव्हा हात थांबले.

इथेच गोष्ट संपली असती तर मी इतकं लिहिलं नसतं. १९६३ ते ६५ या काळात सर्पेंटेरियममध्ये एक विशीतला मुलगा कामाला होता. जन्माने अमेरिकन, पण वाढलेला मुंबईत, जुहूला. नाव रोम्युलस व्हिटेकर. हास्टच्या हाताखाली त्याने साप धरणं, विष काढणं आणि ते करता करता समोरच्या लोकांशी बोलणं, हे तिन्ही शिकून घेतलं. १९६७ मध्ये तो परत आला आणि १९६९ मध्ये मद्रासच्या बाहेर सेलैयूरला लहानसं सर्पोद्यान काढलं. १९७२ मध्ये ते गिंडीला शहरात आलं आणि तिथे माणसांची रीघ लागली. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९७६ मध्ये सापांच्या कातड्याची निर्यात बंद झाली. पिढ्यान्‌पिढ्या कातड्यासाठी साप पकडणाऱ्या इरुळा लोकांच्या पोटावर त्यामुळे पाय आला. १९७८ मध्ये साप पकडून विष काढणारी त्यांची सहकारी संस्था उभी राहिली ती याच पार्श्वभूमीवर.

ती जागा मी पाहिलीय. चेन्नईहून महाबलीपुरमकडे जाणाऱ्या ईस्ट कोस्ट रोडला लागून, वडनेम्मेली इथे, मगरींच्या उद्यानाच्या आवारात. रांगेने मातीची मडकी, प्रत्येकाच्या तोंडाला सुती कापड बांधलेलं, आत साप. मडकं गार राहतं आणि अंधार असला की साप शांत असतो. एवढी साधी आणि एवढी योग्य व्यवस्था मी कुठल्याही प्रयोगशाळेत पाहिली नाही. प्रत्येक साप तीनेक आठवडे ठेवतात, चार वेळा विष काढतात, पोटावरच्या खवल्याला खूण करतात आणि जंगलात सोडून देतात. लोक तिकीट काढून बाकांवर बसतात आणि बघतात. मी तिथे बसलो तेव्हा मला सर्पेंटेरियमच दिसलं, फक्त साप परत जाणारे.

देशातल्या लसीसाठी लागणाऱ्या विषाचा मोठा हिस्सा वर्षानुवर्षं या मडक्यांतून आलाय. त्यात एक अडचणही आहे आणि ती लपवू नये. तमिळनाडूतल्या घोणशीचं विष आणि दुसऱ्या प्रांतातल्या घोणशीचं विष तंतोतंत सारखं नसतं. म्हणून आपल्याकडच्या रुग्णाला कधी जास्त कुप्या लागतात, आणि म्हणून प्रांतोप्रांती विष गोळा करण्याची मागणी आम्ही लोक सतत करत असतो.

महाराष्ट्रातही याच काळात वारं फिरलं. नीलिमकुमार खैरे यांनी १९८० मध्ये पुण्यात ७२ विषारी सापांसोबत काचेच्या खोलीत ७२ तास काढले, आणि १९८६ मध्ये पुणे-सातारा रस्त्यावर कात्रजला सर्पोद्यान झालं. माझ्या पिढीतल्या कितीतरी सर्पमित्रांनी पहिली घोणस तिथेच पाहिली, मीही. त्या आधी आमच्या गावात साप म्हणजे नागपंचमीच्या टोपलीतला, दात काढलेला, तोंड शिवलेला, दूध पाजून पाजून मरायला टेकलेला नाग. तेव्हा ज्याला खेळ म्हणायचं त्याला जरूर खेळ म्हणा, पण तो टोपलीतला नाग आणि कात्रजचा नाग एका मापाने मोजू नका.

एक प्रसंग सांगायचा राहिला. फ्लोरिडात गेल्या काही दशकांत बर्मी अजगर माजलेत. हौसेने पाळलेले, सोडून दिलेले, १९९२ च्या चक्रीवादळात पैदास केंद्र मोडून सुटलेले. दलदलीतले ससे, रकून त्यांनी जवळपास संपवले. तिथल्या शिकाऱ्यांना ते गवतात दिसतच नाहीत. म्हणून जानेवारी २०१७ मध्ये वन्यजीव खात्याने आणि फ्लोरिडा विद्यापीठाने दोन माणसं बोलावली: मासी सडैयन आणि वडिवेल गोपाल, दोघेही इरुळा, त्याच सहकारी संस्थेतले. हातात लोखंडी सळई, पायाखालच्या वाळूत उमटलेली खूण वाचत त्यांनी पहिल्या दोन आठवड्यांत १३ अजगर काढले. त्यातले चार 'की लार्गो' नावाच्या बेटावर, एका जुन्या क्षेपणास्त्र तळाच्या अवशेषांत. एक मादी सोळा फुटी. २०२३ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली. मायामीहून की लार्गोला रस्ता जातो तो यूएस १, ज्याच्या कडेला तो सिमेंटचा नाग उभा असायचा.